५२ सीसी टू-स्ट्रोक ग्रास कटर: सुरू का होत नाही, आणि घ्यावा की नाही

पाऊस उघडता उघडता कलमांखालचं रान कमरेला लागतं. मजूर वेळेवर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. मग पडवीत टांगलेला ग्रास कटर खाली उतरतो. टाकीत गेल्या हंगामातलं पेट्रोल तसंच असतं. दोरी ओढली, परत ओढली, खांदा भरून आला तरी मशीन हूं की चूं करत नाही. ह्या मशीनबद्दल कोकणातल्या बागायतदारांची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, म्हणून हा रिव्ह्यू तिथूनच सुरू करतो.

मशीन कुठलं ते आधी. कृषी सेवा केंद्रात आणि ऑनलाइन दहा हजारांच्या आत-बाहेर मिळणारे बहुतेक ५२ सीसी कटर नावाने आणि रंगाने वेगळे असले तरी आतलं इंजिन एकाच घडणीचं असतं: १ई४४एफ-५. हे नाव चिनी पद्धतीचं आहे. १ म्हणजे एक सिलिंडर, ई म्हणजे टू-स्ट्रोक, ४४ म्हणजे बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४४ मिमी, एफ म्हणजे हवेवर थंड होणारं. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३४ मिमी, म्हणजे हिशेबाने ५१.७ सीसी. त्याचा धाकटा भाऊ १ई४०एफ-५, बोअर ४० मिमी, ४२.७ सीसी. स्टिकरवर काहीही छापलेलं असलं तरी इंजिनाच्या पट्टीवरचा आकडा वाचा. स्टिकरवर ५२ आणि पट्टीवर ४०एफ असेल तर तुम्ही ४३ सीसीचं मशीन विकत घेताय.

कापण्याच्या ताकदीत हे मशीन कमी नाही. ओलं गवत, रानमोडी, करंगळीएवढी झुडपं पात्याने आडवी होतात, आणि पेट्रोल-ऑइलच्या एक लिटर मिश्रणात तासाभराचं काम निघतं. वजन आणि हादरे जास्त आहेत, आवाज तर फारच. कानात बोळे, डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा आणि पायांत बूट नसतील तर चालवू नये. पण ह्या गोष्टी घेतानाच कळतात. सुरू न होण्याचा त्रास मात्र पहिला हंगाम गेल्यावर समोर येतो, आणि तेव्हा बिल हातात घेऊन दुकानात गेलं तर ऐकायला मिळतं की कार्बोरेटरमधला कचरा आणि जुनं पेट्रोल सहसा वॉरंटीत येत नाही.

आमचं मत असं की इंजिन वाईट नाही. ब्लॉक, पिस्टन, क्रँक नीट ऑइल मिळालं तर वर्षानुवर्षं टिकतात. कमकुवत आहे ती पेट्रोलची वाट: पाइप, फिल्टर, प्रायमरचा बल्ब (सुरू करण्याआधी बोटाने दाबायचा तो) आणि कार्बोरेटरमधले दोन पातळ पडदे. सुरू न होणाऱ्या मशीनमध्ये दोष बहुतेक वेळा इथेच निघतो, आणि दुरुस्तीला स्क्रू ड्रायव्हर, प्लगपाना आणि धीर एवढंच लागतं.

दोष शोधण्याआधी सुरू करण्याची पद्धत तपासा, कारण चांगलं मशीनही चुकीच्या पद्धतीने ओढलं की बंद पडतं. थंड इंजिनाला चोक बंद, म्हणजे लावलेला, हवेची वाट अडवलेली; स्विच चालूवर. प्रायमरचा बल्ब सहा-आठ वेळा दाबा, परतीच्या पारदर्शक पाइपातून बुडबुड्यांशिवाय पेट्रोल वाहताना दिसेपर्यंत. इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे: बल्ब दाबला की पेट्रोल इंजिनात जातं असं लोकांना वाटतं. ह्या मशीनमध्ये तसं होत नाही. बल्ब टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरमधून खेचून परत टाकीत सोडतो, आतली हवा काढून टाकणं एवढंच त्याचं काम. म्हणून बल्ब वीस वेळा दाबल्याने इंजिन ओव्हर होत नाही, म्हणजे आत जादा पेट्रोल साचत नाही. ते ओव्हर होतं चोक बंद ठेवून दोरी ओढत राहिल्याने.

दोरी सावकाश ओढा, कॉम्प्रेशनचा अडसर लागला की थांबा, तिथून एका दमात हातभर ओढा. तीन-चार ओढीत इंजिन एकदा ‘भुक्‌’ करतं. कधी आवाज इतका बारीक असतो की बाजूला कोणी बोलत असेल तर ऐकूच येत नाही. त्या पहिल्या ‘भुक्‌’ आवाजालाच चोक उघडायचा आणि रेस अर्धी ठेवून पुन्हा ओढायचं. हा आवाज निसटला आणि चोक बंदच राहिला, तर पुढच्या प्रत्येक ओढीला कच्चं पेट्रोल आत जातं, प्लग भिजतो, आणि त्यानंतर शंभर वेळा ओढलं तरी उपयोग नाही. इंजिन गरम असेल तर चोक लावायचाच नाही.

प्लग काढा, तो सांगेल

एवढं करूनही मशीन दाद देत नसेल तर आठ-दहा ओढींनंतर थांबा आणि प्लग काढा. प्लगपाना १९ मिमीचा, मशीनसोबतच्या पिशवीत असतो. प्लग सहसा एल७टी किंवा त्याच्या जोडीचा बीपीएमआर७ए. टोक बघा: कोरडं आहे, पेट्रोलने ओलं आहे, की काळ्या तेलकट थराने माखलेलं आहे. पुढची सगळी तपासणी ह्या एका नजरेवर ठरते. हे न बघता थेट कार्बोरेटर खोलणारे मेकॅनिक बरेच आहेत, आणि त्यात ग्राहकाचा वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

काळा, तेलकट प्लग म्हणजे ऑइल जास्त किंवा चोक अर्धवट लागलेला. प्लग पितळी ब्रशने साफ करा, गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेवा, चिनी मातीला तडा असेल तर फेकून द्या. नवा प्लग स्वस्त आहे, घरात एक जादा असलाच पाहिजे. ह्या मशीनसोबत येणारा प्लग पहिल्याच हंगामात बदलून चांगल्या कंपनीचा घातला तर सुरू होण्यात फरक जाणवतो.

प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, मग दोन शक्यता उरतात: ओव्हर झालंय, किंवा करंट नाही. आधी ओव्हर काढा. प्लग बाहेर ठेवून, प्लगचं भोक खाली येईल असं मशीन उलटं धरा, चोक उघडा, रेस पूर्ण ओढून धरा आणि दोरी दहा वेळा ओढा. आतलं कच्चं पेट्रोल फवाऱ्यासारखं बाहेर पडतं. पाच-दहा मिनिटं उघडं राहू द्या, कोरडा प्लग बसवा, आणि चोक न लावता, रेस पूर्ण ठेवून ओढा. बऱ्याच वेळा इथेच सुरू होतं. रेस पूर्ण असल्याने इंजिन सुरू होताच पातंही फिरेल, म्हणून पातं जमिनीपासून आणि माणसांपासून लांब ठेवूनच हे करा.

तरीही नाही, तर करंट बघा. सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या, मशीन सावलीत उघड्यावर न्या. प्लगला टोपी लावा, प्लगचे आटे ब्लॉकच्या पाकळीला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ येते आणि ती पेट घेऊ शकते. दोरी जोरात ओढली की निळी, टकटक आवाजाची ठिणगी दिसली पाहिजे. पिवळट, मरतुकडी ठिणगी बाहेर दिसते पण आत कॉम्प्रेशनमध्ये विझते, तिच्यावर विश्वास ठेवू नका.

ठिणगीच नसेल तर कॉईलला (ठिणगीचा करंट तयार करणाऱ्या भागाला) दोष देण्याआधी स्विच तपासा. मुठीवरचा स्विच इंजिन बंद करतो तो कॉईलची वायर बॉडीला टेकवून. मुठीपासून इंजिनापर्यंत रेसच्या केबलसोबत येणाऱ्या ह्या दोन वायरी हादऱ्याने घासतात, सोलतात, कधी क्लिपखाली चेपतात, आणि मग मशीन कायमचं बंद अवस्थेत राहतं. इंजिनाजवळचे वायरींचे जोड सोडवा आणि पुन्हा ठिणगी बघा. आता आली, तर दोष स्विचमध्ये किंवा वायरीत. दुरुस्तीपर्यंत काम चालवायचं असेल तर मशीन बंद करायला चोक लावायचा, इंजिन गुदमरून थांबतं. पण हा तात्पुरता उपाय, कारण पात्यात काही अडकलं तर तत्काळ बंद करायला स्विच हवाच.

जोड सोडवूनही ठिणगी नाही, तर कॉईल आणि मॅग्नेट, म्हणजे चुंबक बसवलेलं फिरतं चाक, ह्यांच्यामधली फट बघा. ती ०.३ ते ०.४ मिमी हवी. फिलर गेज नसेल तर साधं व्हिजिटिंग कार्ड चालतं. कॉईलचे दोन स्क्रू सैल करा, मॅग्नेटचं चुंबक कॉईलसमोर आणा, मध्ये कार्ड धरा. चुंबक कॉईलला स्वतःकडे ओढून घेतं, तसंच धरून स्क्रू आवळा, मग मॅग्नेट फिरवून कार्ड काढून घ्या. कोकणातल्या दमट हवेत कॉईलच्या पायांवर आणि चुंबकावर गंज चढतो, तो बारीक पॉलिश पेपरने घासून काढला तरी मेलेली ठिणगी परत येते. प्लगची टोपी वायरीवर घट्ट बसली आहे का, आतली स्प्रिंग तांब्याला टेकते का, हेही बघा. एवढं सगळं ठीक असून ठिणगी नसेल तरच नवी कॉईल.

कोरडा प्लग

दहा ओढींनंतरही प्लग कोरडा, तर पेट्रोल आत पोचत नाही. खात्री करायची सोपी रीत: प्लगच्या भोकात मिश्रणाचे आठ-दहा थेंब टाका, प्लग लावा, रेस अर्धी ठेवून ओढा. इंजिन दोन-तीन सेकंद धावून बंद पडलं तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन दोन्ही बरे आहेत, दोष फक्त पेट्रोलच्या वाटेत आहे. साधं पेट्रोल टाकू नका, ऑइल घातलेलंच टाका.

आता बल्बकडे या, कारण तोच आतली परिस्थिती सांगतो. दाबल्यावर बल्ब चपटाच राहिला तर खेचणारा पाइप किंवा टाकीतला फिल्टर तुंबलेला आहे. बल्ब लगेच फुगतो पण पाइपातून नुसते बुडबुडे येतात, तर पाइपला चीर आहे, किंवा टाकीतला फिल्टर पेट्रोलमध्ये बुडालेला नाही. बल्ब दगडासारखा कडक, दाबलाच जात नाही, तर परतीची वाट बंद आहे. बल्बलाच चीर असेल तर ती बोट ओलं झाल्यावर कळते. टाकीत बघितल्यावर फिल्टरच्या टोकातून बुडबुडे येताना दिसले तर दोन पाइपांची अदलाबदल झालेली आहे. घरच्या घरी पाइप बदलल्यावर ही चूक हमखास होते आणि मग मशीन काही केल्या सुरू होत नाही. फिल्टरवाला पाइप कार्बोरेटरच्या पंपाकडच्या नळीला, फिल्टर नसलेला बल्बच्या नळीला.

टाकीतला फिल्टर वाकवलेल्या तारेने बाहेर ओढून काढता येतो. तो तपकिरी झाला असेल तर धुवत बसू नका, नवा घाला. पाइप पिवळा पडून कडक झाला असेल तर दोन्ही पाइप एकदम बदला, आणि जुना पाइप दुकानात सोबत न्या, कारण जाडी मशीनप्रमाणे बदलते आणि सैल पाइप हवा खेचतो.

बल्ब व्यवस्थित भरतोय, पेट्रोल वाहतंय, तरी प्लग कोरडा: म्हणजे पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येऊन तिथेच अडतंय. आता कार्बोरेटर खोलायचा. एअर क्लीनरचं झाकण आणि स्पंज काढा, स्पंज तेलकट-काळा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा. दोन लांब बोल्ट सोडले की कार्बोरेटर हातात येतो, रेसची केबल आणि दोन्ही पाइप काढा. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढत चला. पडद्यांचा आणि पॅकिंगचा क्रम चुकला की सगळं नव्याने करावं लागतं.

बहुतेक कार्बोरेटरवर बल्बच्या बाजूच्या झाकणाखाली मीटरिंग डायफ्रॅम असतो, मध्ये धातूची टिकली असलेला पडदा. विरुद्ध बाजूला एका स्क्रूच्या झाकणाखाली पंपाचा पडदा आणि एक बारीक गोल जाळी. ही जाळी नखाएवढी असते आणि तिच्यावर जमलेला मेणासारखा थर पुष्कळदा सगळ्या त्रासाचं मूळ निघतो. मीटरिंग डायफ्रॅम बोटांत धरून हलवून बघा. चांगला पडदा कापडासारखा मऊ असतो, खराब झालेला कागदासारखा कुरकुरतो. कडक झालेला पडदा इंजिनाच्या ओढीला हलतच नाही, त्यामुळे खालची लिव्हर दबत नाही, पेट्रोल अडवणारी सुई उघडत नाही आणि पेट्रोल येत नाही. तो साफ करून मऊ होत नाही, बदलावाच लागतो.

लिव्हरचा स्क्रू सोडून सुई आणि तिची स्प्रिंग काढा. स्प्रिंग उडते, खाली पांढरं कापड अंथरा. सुईचं टोक झिजून कडं पडलं असेल तर पेट्रोल उलट थांबणारच नाही आणि इंजिन वारंवार ओव्हर होईल. लिव्हरची उंची वाकवून बदलू नका. भोकांतून कार्ब क्लीनरचा फवारा मारा, पलीकडून निघतो का बघा. टाचणी किंवा तार जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, घालायची नाही, भोक एका केसाने मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. कॉम्प्रेसरची जोराची हवाही मारायची नाही, मधल्या नळीतला बारीक व्हॉल्व त्याने उडून जातो. बसवताना मीटरिंगच्या बाजूला आधी पॅकिंग कार्बोरेटरला, त्यावर पडदा, मग झाकण.

पडदे-पॅकिंगचा किट मिळाला तर उत्तम. ह्या मशीनच्या बाबतीत मात्र अख्खा नवा कार्बोरेटर चारपाचशे रुपयांच्या आसपास मिळतो, आणि बऱ्याच वेळा तोच शहाणपणाचा मार्ग आहे. ४३ आणि ५२ सीसीला एकच कार्बोरेटर म्हणून विकला जातो, तरी बोल्टच्या भोकांमधलं अंतर आणि केबलची बाजू जुन्याशी जुळवून घ्या. सुटे भाग जागोजागी मिळणं हा ह्या इंजिनाचा खरा मोठा गुण आहे. महागड्या मशीनचा भाग मागवून आठ-दहा दिवस वाट बघावी लागते, तोवर गवत पिकून बी सांडतं.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरीही नाही

इथे आलात तर कॉम्प्रेशनवर शंका घ्या. दोरीची मूठ धरून मशीनचं इंजिन जमिनीपासून थोडं उचला. बरं कॉम्प्रेशन असेल तर मशीन त्या दोरीला लटकून राहतं किंवा अगदी हळू, थांबत थांबत खाली येतं. सरकन खाली आलं तर रिंगा किंवा ब्लॉक गेलाय. गेज असेल तर १०० पीएसआयच्या वर चांगलं, ८० च्या खाली सुरू होण्याची आशा धरू नये. गेज लावण्याआधी प्लग नीट आवळलेला होता ना, एवढं बघा.

सायलेन्सरचे दोन लांब बोल्ट सोडून तो काढला की एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन दिसतो. त्याची कड गुळगुळीत असेल तर ठीक. उभे ओरखडे दिसले तर मशीन कमी ऑइलवर चाललेलं आहे, आणि मग ब्लॉक, पिस्टन, रिंगा एकदम बदलणं हाच मार्ग. सायलेन्सर हातात आलाच आहे तर त्यातली जाळी आणि ब्लॉकचं भोक काजळीने भरलंय का बघा. पावसाळ्यात पडवीत टांगलेल्या मशीनच्या सायलेन्सरात कुंभारीण माशी मातीचं घर करते. धूर बाहेर जायला वाट नाही, तर इंजिन पेट घेणार कसं? हे बघायला एक मिनिट लागतं आणि लक्षात कोणाच्याच येत नाही.

चोक लावला तरच चालतं आणि उघडला की बंद पडतं, हे लक्षण वेगळं आहे. एक तर कार्बोरेटर अर्धवट तुंबलाय, किंवा कार्बोरेटर आणि ब्लॉकच्या मधल्या काळ्या ठोकळ्यातून हवा शिरतेय. हादऱ्याने त्याचे स्क्रू सैल होतात. ते आवळा, पॅकिंग फाटलं असेल तर बदला. तसंच चालवत राहिलं तर पेट्रोल आणि त्यासोबतचं ऑइल कमी पोचतं आणि पिस्टन चिकटतो. क्रँकची सीलं गेली तरी हीच लक्षणं येतात, पण ते काम मेकॅनिककडे द्यावं. मॅग्नेटची अर्धचंद्र चावी तुटून टायमिंग हलणं क्वचित घडतं. दोरी ओढताना झटका उलटा बसत असेल तर ती बघावी.

सुरू होतं, दहा मिनिटं चालतं, बंद पडतं: लगेच टाकीचं झाकण सैल करा. हवा आत शिरल्याचा ‘सुस्स’ आवाज आला आणि मशीन पुन्हा सुरू झालं तर झाकणातली हवेची वाट बंद आहे. ती साफ करा. झाकण सैल ठेवून काम करू नका, पेट्रोल गरम सायलेन्सरवर सांडतं. आवाज आला नाही आणि वीस मिनिटं थंड झाल्यावरच सुरू होत असेल तर गरम असतानाच ठिणगी तपासा. कॉईल तापल्यावर मरण्याची खोड असते.

पेट्रोल आणि ऑइल

ह्या मशीनला बहुतेक कंपन्या २५:१ सांगतात, म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिली टू-टी ऑइल. ५०:१ म्हणजे २० मिली. स्टिलसारख्या कंपन्या आपल्या मशीनला योग्य ऑइलसोबत ५०:१ सांगतात. तो आकडा ऐकून ह्या इंजिनात २० मिली घालणं धोक्याचं आहे. उलट ‘थोडं जास्त घातलेलं बरं’ म्हणून ८० मिली घातलं की प्लग माखतो आणि सायलेन्सर तुंबतो. टाकीत आधी पेट्रोल आणि वरून ऑइल ओतू नका. ऑइल तळाला फिल्टरपाशी बसतं आणि पहिल्या ओढीत तेच प्लगवर येतं. वेगळ्या बाटलीत मोजून, हलवून मगच भरा.

आता पंपांवर मिळणाऱ्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर दमट हवेत राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर धरतात. टू-स्ट्रोकमध्ये ह्याचा धोका दुहेरी आहे. ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहतं, फिल्टर मात्र तळाला असतो. म्हणजे इंजिनाला मिळतं ते ऑइल नसलेलं पाणचट मिश्रण. सुरू झालं नाही तर नशीब, सुरू झालं तर पिस्टन जातो. टाकीतलं जुनं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून तासभर ठेवा, तळाला रेघ दिसली किंवा रंगासारखा आंबूस वास आला तर ते मशीनमध्ये परत घालू नका. मिश्रण महिनाभरात संपेल एवढंच बनवा.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा, बल्ब दाबून पाइपातलंही काढा, मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. प्लगच्या भोकात चमचाभर टू-टी ऑइल टाका, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग बसवा आणि अडसर लागेल तिथे पिस्टन ठेवून द्या, म्हणजे आत दमट हवा कमी शिरते. सायलेन्सरच्या तोंडाला फडका बांधा. ह्या पंधरा मिनिटांच्या कामाने पुढच्या हंगामातला कार्बोरेटर वाचतो.

मग घ्यावं का?

वरचं वाचून ज्यांना हात घालावासा वाटतो, ज्यांची दोन-चार एकर बाग आहे आणि वर्षातून काही आठवडेच मशीन लागतं, त्यांनी जरूर घ्यावं. ह्या पैशात एवढी ताकद दुसरीकडे नाही. रोज भाड्याने गवत कापून देणाऱ्याला, किंवा घरी दोरी ओढायला वयस्कर माणूसच असेल त्याला, आम्ही फोर-स्ट्रोककडे बघायला सांगू. होंडाचं जीएक्स३५ इंजिन ३५.८ सीसीचं आहे, टाकी ०.६३ लिटरची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही, वेगळ्या खान्यात १०० मिली इंजिन ऑइल लागतं. ते कमी ओढीत सुरू होतं आणि धूरही कमी. किंमत मात्र अडीच-तीन पट, आणि झुडपांवर ५२ सीसीसारखा जोर नाही. एक लक्षात ठेवा: त्याचाही कार्बोरेटर डायफ्रॅमचाच आहे, जुनं पेट्रोल ठेवलं तर तेही रुसतं.

५२ सीसी घेणार असाल तर दुकानात थंड मशीन स्वतः सुरू करून बघा. नव्या मशीनला पाचसहा ओढींपेक्षा जास्त लागल्या तर दुसरा खोका उघडायला लावा. दुकानदाराने आधीच गरम करून ठेवलेलं मशीन दाखवलं तर सायलेन्सरजवळ हात नेला की कळतं. आणि त्याच बिलात दोन चांगले प्लग, एक टाकीचा फिल्टर, हातभर पेट्रोल पाइप, एक प्रायमर बल्ब, पडद्यांचा किट आणि मोजमापाची बाटली घ्या. ऐन हंगामात दुकानातून हेच सहा जिन्नस आधी संपतात.